जुन्या बास गिटारचा हिशेब

घरात वाद्य आणायचे म्हणजे हार्मोनियम किंवा तबला, फार तर बासरी, असा मराठी कुटुंबांचा दीर्घकाळ रिवाज होता. त्यातली हार्मोनियम मूळची युरोपातली. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला मज्जाव केला होता. तरीही भजनापासून नाट्यसंगीतापर्यंत तिच्यावाचून कोणाचे पान हलले नाही. म्हणून आज एखाद्या घरात अकरावीतला मुलगा बास गिटार मागू लागला, तर ‘हे आपले वाद्य नव्हे’ हा आक्षेप फार वेळ टिकत नाही. टिकतात ते दुसरे प्रश्न: किती रुपये, किती दिवस, आणि त्यानंतर काय?

पंडित द. वि. पलुसकर यांचा जन्म ज्या शहरात १९२१ साली झाला, त्या नाशिकला संगीताचे शिक्षण नवे नाही. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गिटार आता सरावाची झाली आहे. अशाच एखाद्या महाविद्यालयातला मुलगा आणि मेन रोडवर कापडाचे दुकान असलेले त्याचे वडील डोळ्यांसमोर आणावेत. मुलाच्या मित्रांत तिघे गिटार वाजवतात, एक ड्रम वाजवतो आणि बास कोणीच वाजवत नाही. मुलाजवळ दिवाळीच्या ओवाळणीचे, वाढदिवसांचे साठलेले सहा हजार रुपये आहेत. मोबाईलवरच्या एका जाहिरातीत चार तारांची, वापरलेली, ‘उत्तम स्थितीतली’ बास गिटार नऊ हजारांना आहे. उरलेले तीन हजार वडिलांनी घालावेत, एवढीच मागणी. वडिलांची हरकत पैशांना नाही. कपाटावर दोन वर्षांपासून एक किबोर्ड धूळ खात पडला आहे, आणि त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणतात, “तुला चिकाटी नाही.”

या वाक्याकडे पुढे वळावे लागेल. आधी हे वाद्य काय करते, ते पाहिले पाहिजे. कारण घरच्यांना बास गिटारचा आवाज वेगळा असा ऐकूच येत नाही आणि जे ऐकू येत नाही त्याला पैसे कशासाठी, असे त्यांना वाटते.

तबल्याच्या जोडीतला डग्गा काढून घेतला आणि नुसत्या चाटीवर ठेका धरला, तर गाणे पोरके वाटू लागते. काय हरवले हे सर्वांना सांगता येणार नाही, पण काही हरवले आहे हे सर्वांना कळते. बास गिटारचे काम बरेचसे असेच आहे. फरक इतकाच की, ती घुमाऱ्याबरोबर गाण्याचा खालचा स्वरही धरून ठेवते. तिच्या सर्वांत जाड तारेचा आवाज सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो जवळजवळ निघतच नाही. म्हणूनच मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्या घराला बास ‘दिसत’ नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. त्यांचे नाव ठाऊक नसलेल्या लाखो श्रोत्यांचे पाय त्या गाण्यांवर ताल धरतात, त्यात या वाद्याचा वाटा मोठा आहे.

हे वाद्य वयाने तसे लहान आहे. पूर्वी वाद्यवृंदात खालच्या स्वरांसाठी माणसाच्या उंचीहून मोठे डबल बास उभे करून वाजवीत. ते नेणे-आणणे म्हणजे एक कपाट हलवण्यासारखेच होते. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल अशी विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. तिच्या दांडीवर सतारीसारखे पडदे होते, पण सरकणारे नव्हेत, पक्के बसवलेले. बोट अंदाजाने ठेवण्याची गरज उरली नाही, स्वर नेमका लागू लागला. म्हणून तिचे नावच ‘प्रिसिजन’ पडले. नटापासून घोडीपर्यंत तारेची ३४ इंचांची लांबी त्यांनी ठरवली, आणि बहुतेक बास गिटारांची लांबी आजही तीच आहे.

स्वस्त बास गिटारचा विषय निघाला की पॉल मॅकार्टनी यांची आठवण अपरिहार्य आहे. बीटल्स या चमूत बास वाजवणाऱ्याने रजा घेतली, तेव्हा ते काम कोणालाच नको होते. ते मॅकार्टनींच्या गळ्यात पडले. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये त्यांनी व्हायोलिनच्या आकाराची, हॉफनर कंपनीची बास गिटार सुमारे ३० पौंडांना घेतली. फेंडरची त्यांना परवडण्यासारखी नव्हती. पुढे जगभर गाजलेली सुरुवातीची अनेक गाणी याच स्वस्त वाद्यावर वाजली. १९७२ साली लंडनमध्ये ती चोरीस गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यांना परत मिळाल्याचे जाहीर झाले. नाशिकच्या त्या मुलाच्या चमूतही तीन गिटारवाले आणि बासवाला कोणी नाही, हे योगायोगाने घडलेले नाही. बहुतेक मुलांना पुढे उभे राहणारे वाद्य हवे असते. त्यामुळे बास शिकणाऱ्याला वाजवायला जागा लवकर मिळते. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर, येथे पुरवठा कमी आणि मागणी अधिक आहे.

आता पैसे. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तो घसारा येथे उपयोगी पडतो. नवे वाद्य दुकानाबाहेर पडताच त्याची किंमत घसरते, पहिल्या वर्षी सर्वाधिक, नंतर हळूहळू. जुने वाद्य घेणारा हा पहिला मोठा घसारा दुसऱ्याच्या खिशातून भरून घेतो. समजा, नवी साधी बास गिटार १६,००० रुपयांना घेतली आणि दोन वर्षांनी ९,००० ला विकली. वापराचा खरा खर्च ७,००० झाला, म्हणजे महिन्याला सुमारे २९० रुपये. तीच जुनी ९,००० ला घेतली, नव्या तारा व दुरुस्ती-जुळवणीवर ३,००० घातले आणि दोन वर्षांनी ८,००० ला विकली, तर खर्च ४,०००; महिन्याला १७० रुपयांच्याही आत. येथवर जुन्याची बाजू भक्कम आहे.

पण तिसरी शक्यता जाहिरातीत लिहिलेली नसते. ५,००० रुपयांना मिळते म्हणून दांडी वाकलेली गिटार घेतली, तिच्यावर ६,००० खर्च केले आणि शेवटी ती जेमतेम ३,००० ला गेली, तर ८,००० बुडाले. तिन्हींत सर्वांत स्वस्त दिसणारी वस्तू सर्वांत महाग ठरली. आणि हिशेब येथेच संपत नाही. शिकवणीचे महिना १,५०० रुपये धरले, तर दोन वर्षांचे ३६,००० होतात. नव्या-जुन्यातला ३,००० चा फरक म्हणजे दोन महिन्यांची शिकवणी. ज्या वाद्यावर बोट नीट पडत नाही, त्यावर शिकवणीचे ३६,००० ओतणे हा खरा तोटा आहे. ‘केवळ नऊ हजार’ या शब्दांवर घरात तासभर चर्चा होते आणि त्या छत्तीस हजारांचा उल्लेखही होत नाही, असेच बहुधा घडते.

अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. विजेवरची बास त्याशिवाय पुटपुटल्यासारखी वाजते. सरावापुरता छोटा अ‍ॅम्प पुरतो, किंवा गिटारमध्येच खोचून कानाला हेडफोन लावता येईल असे लहान यंत्र. सदनिकेत राहणाऱ्यांना दुसरा पर्याय अधिक सोयीचा, कारण खालचे स्वर भिंती ओलांडून शेजाऱ्यांकडे जातात आणि घरात आजी दुपारी वाचत बसलेल्या असतात. साध्या गिटारचा अ‍ॅम्प मित्राकडून आणला तर हळू आवाजात चालेल. मोठ्या आवाजात त्याचा स्पीकर फाटण्याची भीती असते.

वाद्य पाहायला जाताना मुलाच्या वडिलांनी काय पाहावे? रंग आणि ओरखडे सर्वांत शेवटी. पहिली परीक्षा दांडीची. शरीराकडून डोक्याकडे एक डोळा मिटून पाहिले, की दांडीला पीळ असेल तर तो दिसतो. पीळ पडलेली दांडी सरळ होत नाही, असे धरून चालावे आणि तेथूनच परतावे. वाक मात्र वेगळा. चार तारांचा ताण मोठा असतो, म्हणून दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते. किल्लीने ती घट्ट-सैल करून वाक कमी-अधिक करता येतो. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि दांडीच्या अखेरच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी व मध्ये, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार आणि पडदा यांतली फट पाहावी. साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकले तर दांडी ठीक आहे. दोन-तीन कार्डे सहज जात असतील, तर विक्रेत्याला ती सळईची किल्ली फिरते का, एवढे विचारावे. तिचे खाचे झिजलेले असतील किंवा ती आधीच शेवटापर्यंत आवळलेली असेल, तर कितीही कमी किमतीला ही वस्तू घेऊ नये.

नंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहावी. कंटाळवाणे काम आहे. चार तारा आणि वीस-बावीस पडदे म्हणजे ऐंशीहून अधिक स्वर होतात. पण कुठल्या पडद्यावर तार खरखरते, कुठे स्वर मुका पडतो, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर असावी. चार-पाच मिलिमीटर असेल, तर नवशिक्याची बोटे दहा मिनिटांत थकतील. मुळातच या तारा जाड असतात. बासची सर्वांत बारीक तार साध्या विजेवरच्या गिटारच्या सर्वांत जाड तारेएवढी असते. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तीच तार मोबाईलवरच्या ट्यूनरने तपासावी. दोन्हींचा स्वर एकच, फक्त सप्तक वेगळे, असे यायला हवे. थोडा फरक घोडीवरचे स्क्रू फिरवून जातो.

विजेच्या दोषांचे फारसे भय नको. बटणे फिरवताना करकर होते ती धुळीची असते व फवाऱ्याने साफ होते. केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅक बदलावा लागतो आणि ते किरकोळ काम आहे. खुंट्या मात्र घट्ट हव्यात. जी खुंटी सैल आहे, तिची तार रोज उतरणार.

कपाटावरच्या किबोर्डचे आता पाहू. तो ओळखीतून स्वस्तात आलेला होता. त्याच्या तीन पट्ट्या दाबल्या तरी वाजत नसत. एक पट्टी हळू दाबली तरी मोठ्याने वाजे. मुलाने चार महिने प्रयत्न केला आणि सोडून दिले. त्या तीन पट्ट्या मोडक्या आहेत, हे चौदा वर्षांच्या मुलाने घरी कधी सांगितले नाही. आपल्यालाच जमत नाही, असे त्याने मनाशी धरले. घरानेही तेच धरले. नवशिक्याजवळ तुलना करायला दुसरे वाद्य नसते, हा त्याचा खरा दुबळेपणा. मुरलेला वादक वाईट वाद्यावर पाच मिनिटांत दोष ओळखतो आणि त्यातून वाट काढतो. शिकाऊ मुलगा तोच दोष स्वतःच्या नावावर टाकतो. म्हणून ‘आधी कसेतरी शिकू दे, मग चांगले घेऊ’ हा काटकसरीचा नियम वाद्याच्या बाबतीत उलटा आहे. महागडे वाद्य नवशिक्याला नको, हे खरे. पण बरोबर जुळवलेले वाद्य सर्वांत अधिक त्यालाच हवे असते. चिकाटीची परीक्षा घ्यायची तर ती मोडक्या वस्तूवर घेऊन निकाल लावणे न्यायाचे नाही.

मुलगा लहानखुरा असेल किंवा वाद्य मुलीसाठी अथवा बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी हवे असेल, तर ३० इंच लांबीची छोटी बासही मिळते. मॅकार्टनींची हॉफनर याच जातीची. वजनही उचलून पाहावे. पूर्ण आकाराच्या बासचे वजन चार किलोच्या आसपास असते आणि ते एका खांद्यावर येते. रुंद पट्टा घ्यावा. कातडी पट्टा नको असणाऱ्या कुटुंबांना नायलॉनचा वा कापसाचा सहज मिळतो. तारा पोलादाच्या व निकेलच्या असतात, आतड्याच्या नव्हेत. दांडीच्या टोकाला जेथून तारा सुटतात तो ‘नट’ काही महाग गिटारांत हाडाचा असतो. स्वस्त गिटारांत बहुधा प्लास्टिकचाच. ज्यांना हे महत्त्वाचे वाटते त्यांनी विचारून घ्यावे.

विक्रेत्याविषयी सावधगिरी हवी, आणि नाशिकमध्ये ती एका विशेष कारणाने हवी. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, वस्तू तातडीने विकायची आहे’ अशी बतावणी करून फसवणारे देशभर आढळले आहेत. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे ही कथा येथे खरी वाटायला वेळ लागत नाही. खऱ्या अधिकाऱ्याला वस्तू दाखवायला अडचण नसते. जो भेटायचे टाळतो, गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्र पाठवतो आणि विसार आधी मागतो, त्याच्याशी बोलणे थांबवावे. वस्तू हातात घेऊन, वाजवून, मगच पैसे. उद्या हीच गिटार विकायची वेळ आली, तर एवढे लक्षात ठेवावे की, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात.

दुकानातून जुने वाद्य घेताना बिल मागावे. जुन्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीच्या फरकावरच वस्तू व सेवा कर भरण्याची सोय नियमांत आहे. तेव्हा ‘बिलात फार कर लागेल’ ही सबब मानू नये. निवड अधिक हवी असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन धोबीतलावच्या १८६५ पासूनच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात नवी वाद्ये हातात घेऊन पाहता येतात. विकत काही घेतले नाही तरी, चांगली जुळवलेली बास हाताला कशी लागते हे मुलाला कळते आणि मग जुनी पाहताना तुलनेला काहीतरी असते. त्या एका दिवसाचे भाडे वाया जात नाही. ‘व्याजमुक्त’ हप्त्यांवर मात्र घेऊ नये. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर मिळून ती मुक्ती फारशी मुक्त राहत नाही.

मग त्या नऊ हजारांच्या गिटारचे काय करावे? नव्या दिसणाऱ्या, चकाकत्या लाल रंगाच्या त्या वाद्याच्या दांडीखाली तीन कार्डे सहज जात असतील आणि किल्ली फिरत नसेल, तर नाही म्हणावे, मुलाचा चेहरा पडला तरी. त्याच आठवड्यात साडेदहा हजारांची, कडांना रंग उडालेली, पण सरळ दांडीची, यामाहा, आयबानेझ किंवा फेंडरच्या स्वस्त मालिकेतली स्क्वायर अशी एखादी ओळखीच्या नावाची गिटार मिळाली तर ती घ्यावी. घासाघीस पाचशे-हजारांपुरती करावी. मुलाचे सहा हजार त्यात जाऊ द्यावेत. पूर्ण रक्कम वडिलांनी भरली तर वाद्य वडिलांचे होते. बारावीच्या टक्क्यांशी तिची गाठ घालू नये. पाहायला जाताना बास वाजवू शकणारा कोणीतरी, मुलाचे शिक्षक असल्यास उत्तम, बरोबर असावा. त्यांच्या हातांत गिटार देऊन मुलाने आणि वडिलांनी गप्प बसून दहा मिनिटे ऐकावे.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच नव्या तारा लावून जुळवणी करून घ्यावी. बाहेरच्या ओल्या भिंतीला ती टेकवून ठेवू नये. नाशिकच्या आषाढ-श्रावणात हवेतल्या दमटपणाने दांडी थोडी हलते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत पुन्हा हलते. वर्षातून या दोन वेळा ते व्हिजिटिंग कार्ड काढून फट पाहावी. फरक दिसला तर किल्लीचा पाव फेरा बहुधा पुरतो, आणि तो पहिल्या खेपेला जाणत्याच्या देखत द्यावा.